ढालीची डावी बाजू

१

बंदराच्या ढालीची फाइल हरवल्याचं मला सोमवारी सकाळी अकरा वाजता कळलं, आणि खरं सांगायचं तर मनात पहिलं आलं ते एवढंच, की आता चहा थंड होणार. या वयात दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायचा उत्साह राहत नाही. स्वतःच्या गुडघ्यांच्या भानगडी पुरतात.

आमच्या कार्यशाळेत ढाली बनतात. लढाईच्या नव्हेत, शाळा, क्रीडा मंडळं, नगरपालिका यांना मिरवायला लागतात त्या. ढालीवर एखादा पक्षी नाहीतर बुरूज, खाली ब्रीदवाक्य. ब्रीदवाक्यातली चूक एकदा पितळेत ओतली गेली की शंभर वर्षं तशीच राहते, म्हणून माझी नेमणूक. ढालीचं वर्णन इंग्रजीत असतं, ते चित्रकार बघतात. मराठी मजकूर तेवढा माझा. मी आधी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचो. ते बंद पडल्यावर दोन वर्षांपूर्वी इथे आलो आणि पहिल्याच आठवड्यात सगळे मला वेलांटीकाका म्हणायला लागले. मी हरकत घेतली नाही, हरकत घ्यायलाही अंगात जोर लागतो.

बाईंनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर मास्तरांची वही होती. मास्तर आमचे मुख्य चित्रकार. आदल्या मंगळवारी दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदयाचं जुनं दुखणं होतं, त्यात संशयाला जागा नव्हती. फावल्या वेळात ते एका इंग्रजी साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचत, त्याचीच ही वही. शेवटच्या पानावर, अर्ध्या भरलेल्या चौकटीच्या बाजूला, त्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती: ‘बंदर-ढाल. पट्टी. सिनिस्टर.’ शेवटचा शब्द इंग्रजीत लिहिला होता.

“शनिवारी टेबल आवरताना सापडली. धाकट्याने शब्दकोश आणून दाखवला,” बाई म्हणाल्या. “सिनिस्टर म्हणजे कपटी, दुष्ट हेतूचा. मास्तरांना जायच्या आधी कळलं होतं, काका. फाइल पट्टीने नेलीय.”

पट्टी म्हणजे आमची आठ वर्षांची जुनी चित्रकार. कायम बगलेत फूटपट्टी, म्हणून पट्टी. आणि धाकटा म्हणजे बाईंचा भाचा, ज्याला आम्ही तोंडावर धाकटे साहेब म्हणतो. बंदराच्या नगरपालिकेने आमची ढाल पसंत केली होती. धाकटे म्हणत, ती मी काढली. पट्टी म्हणे, मी. पसंत झालेल्या प्रतीवर नुसतं कार्यशाळेचं नाव होतं. कच्ची चित्रं, तारखा, सह्या सगळं त्या फाइलमध्ये. मास्तरांच्या जागी मुख्य चित्रकार कोण, ते याच ढालीवरून ठरवायचं असं बाईंनी आधीच जाहीर केलं होतं. आता फाइलच नाही म्हटल्यावर बाईंनी भाच्याचं म्हणणं खरं धरलं होतं.

“बुधवारी पाचपर्यंत फाइल आली नाही तर तिच्या नावाने पोलिसांत तक्रार देणार,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला लोकांच्या चुका दिसतात. तुम्ही एकदा सगळ्यांशी बोलून बघा. पण ही ओळ कुणाला दाखवायची नाही. तिला तर नाहीच.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बरं म्हणून बाहेर आलो.

बाहेरच्या दालनात आमची नमुन्याची मोठी लाकडी ढाल उभी असते. तिला दोन बाजूंनी छातीएवढी दोन लाकडी जनावरं धरून आहेत, एकीकडे घोडा, दुसरीकडे हरीण. मास्तरांनीच तरुणपणी कोरलेली. दोन वर्षं रोज मी त्यांच्यासमोरून जातो. आज घोडा बोटभर सरकून भिंतीला नाक लावून उभा होता. ओळीतलं अक्षर खाली घसरलं की डोळ्यांत सलतं, तसा तो मला सलला. पण जनावर सरळ करायला मी काही नोकरीला नव्हतो.

२

पट्टी आपल्या टेबलाशी बसून रंगाच्या बाटल्यांची झाकणं पुसत होती. काम काढून घेतलं होतं तिच्याकडून. मी समोर स्टूल ओढून बसलो तशी ती म्हणाली, “काका, तुम्हाला पाठवलं होय. म्हणजे अजून थोडी लाज शिल्लक आहे त्यांना.”

मी तिला विचारलं ते सगळं तिने शांतपणे सांगितलं. बंदराच्या ढालीवर ती तीन महिने खपली होती. एका अर्ध्यात दीपस्तंभ, दुसऱ्या अर्ध्यात चोचीत मासा धरलेला बगळा. मग मास्तर महिनाभर आजारी पडले, आणि त्या महिन्यात धाकट्यांनी पक्की प्रत उचलून नगरपालिकेत नेली. मास्तर परत आले तेव्हा सगळं पसंत होऊन बसलं होतं. फाइल मास्तरांच्या कपाटात होती. तिने शेवटची पाहिली ती त्यांच्याच हातात, ते गेले त्याच्या आदल्या दिवशी.

“फाइलमध्ये माझी अकरा चित्रं आहेत, प्रत्येकावर तारीख,” ती म्हणाली. “मी ती लपवीन कशाला? ती असती तर मी बाईंच्या टेबलावर आपटली असती.”

हे मलाही पटत होतं. पण धाकटेही नेमकं हेच म्हणणार, हेही मला कळत होतं.

घरी सांगितलंस का, असं विचारलं तेव्हा मात्र तिने हातातलं झाकण खाली ठेवलं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवरा परगावी. रोज डबा घेऊन निघते आणि इथे येऊन झाकणं पुसते, म्हणाली. चोर म्हणून बाहेर पडले तर या धंद्यात दुसरं दार उघडणार नाही, धंदा केवढासा, सगळे एकमेकांना ओळखतात.

मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, “पाटीचं मुद्रित तुमच्याकडेच आलं होतं ना?”

आलं होतं. बंदराच्या दारावर बसवायच्या पितळी पाटीचा मजकूर: ढालीचं वर्णन, तारीख आणि खाली ‘रचनाकार’ म्हणून धाकट्यांचं पूर्ण नाव. मी त्यात एक राहिलेला अनुस्वार लावला होता आणि ‘बरोबर’ असा शेरा मारून सही केली होती. पट्टीला मी एवढंच म्हणालो, की हो, आलं होतं.  आणि उठलो. गुडघा कट्कन वाजला.

३

धाकट्यांच्या खोलीत सगळं नवीन असतं. टेबल नवीन, दिवा नवीन, प्लॅस्टिकची एका साच्यातून काढलेली लाल खुर्ची नवीन. माणूस वाईट वागत नाही. मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. फाइल गेल्याचं दुःखही त्यांना खरंच झालेलं दिसत होतं. बोलताना सारखे कपाळावरून रुमाल फिरवत होते.

त्यांचं म्हणणं साधं होतं. ढाल त्यांची, चित्रात रंग भरायला तेवढं पट्टीला दिलं होतं. मास्तरांची जागा हातची जाणार म्हटल्यावर तिने पुरावाच गडप केला. इंग्रजी वर्णनही माझंच आहे, म्हणाले, बाईंच्या कपाटात त्याची प्रत आहे, हवी तर बघा. मी म्हटलं, इंग्रजी माझं खातं नाही. मास्तरांच्या ओळीबद्दल विचारलं तर म्हणाले, “शब्दकोशात एकच अर्थ आहे, काका. अजून काय पाहिजे?”

एकच अर्थ. मी पाणी प्यायलो आणि उठलो.

उलटेमामांच्या खोलीत मात्र बसायला बरं वाटतं. ते शिक्के कोरतात. शिक्का सुलटा उमटायचा तर उलटा कोरावा लागतो, म्हणून हे नाव. शिवाय ते डावखुरे. ते डावखुरेपण मी त्या दिवशी जरा निरखून पाहिलं, कारण मास्तरांच्या कोड्यांची मुद्रितं मी हौसेने वाचत असे आणि एक गोष्ट मला ठाऊक होती: कोड्यांत मास्तर सिनिस्टर हा शब्द ‘दुष्ट’ म्हणून फार क्वचित वापरत. त्या वहीतल्या चौकटीतही तो होता. इंग्रजीत आठ अक्षरी शब्द, सूत्र असं: ‘बंदर, पण नजर वाईट.’ इंग्रजीत पोर्ट म्हणजे बंदर, आणि पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजूही. लॅटिनमध्ये सिनिस्टर म्हणजे नुसतं डावं. कोडी सोडवणाऱ्याला हे पाठ असतं.

मग डावं म्हणजे कोण? डावखुरे मामा?

मी त्यांना आडून आडून विचारायचा प्रयत्न केला, पण मला ते जमत नाही. मामांनी छिन्नी खाली ठेवली. “मास्तर आणि मी एकतीस वर्षं एका डब्यात जेवलो,” ते म्हणाले. “त्यांना माझ्याबद्दल काही म्हणायचं असतं तर तोंडावर म्हणाले असते. मला कोड्यात कशाला घालतील?”

मला माझीच शरम वाटली. विषय बदलायला मी म्हटलं, तो घोडा कुणी हलवला हो? मामा म्हणाले, मला काय माहीत. मी सकाळपासून इथेच आहे, आणि तेही हात बांधून, कारण माझा बारीक स्क्रूड्रायव्हर धाकटे साहेब नऊ वाजता घेऊन गेले. खुर्चीचा स्क्रू ढिला झालाय म्हणाले.

मी परत आपल्या टेबलाशी येऊन बसलो. चहा थंडगार झाला होता. तो तसाच पिताना मला ती लाल खुर्ची आठवली, एका साच्यातून काढलेली. तिला स्क्रूच नव्हता.

४

मास्तरांच्या घरी जायचं मी टाळत होतो. माणूस गेलेल्या घरात काय बोलावं ते मला कधीच सुचत नाही. मंगळवारी दुपारी गेलो. वहिनींनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच बोलायला लागल्या. एकटं राहिलेल्या माणसाला श्रोता मिळाला की तसं होतं.

सोमवारी संध्याकाळी, म्हणजे जायच्या आदल्या दिवशी, मास्तर फार त्रासलेले घरी आले होते. जेवले नाहीत. म्हणाले, माझ्या आजारपणात तिकडे डावलाडावली झाली, आता मला ढाल धरली पाहिजे. वहिनींना वाटलं, कामाचंच काही असेल.

ढाल धरायची. ते वाक्य मी ओळखत होतो. नवीन माणूस आला की मास्तर चहाचा ट्रे उचलून छातीशी धरायचे आणि म्हणायचे, “ढाल बघायची नसते, धरायची असते.” मलाही त्यांनी पहिल्या दिवशी असंच करून दाखवलं होतं. मी समजलो, म्हातारा शौर्यावर प्रवचन देतोय. मान डोलावून मी कामाला लागलो होतो.

“धाकटे साहेब येऊन गेले शनिवारी संध्याकाळी,” वहिनी म्हणाल्या. “फार आस्थेने विचारपूस केली. ह्यांच्या कोड्यांचीसुद्धा. सिनिस्टर म्हणजे काय असायचं हो त्यांच्या कोड्यांत, म्हणाले. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही, पण चाळीस वर्षं तेच ऐकतेय. सिनिस्टर म्हणजे डावं.”

“आणखी काय विचारलं?”

“मास्तर वस्तू कुठे जपून ठेवायचे, म्हणाले. मला हसूच आलं. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून ह्यांची चॉकलेटं त्या लाकडी जनावरांच्या पोटात असायची. पाठीमागे फळी आहे ना, स्क्रूची. मला वाटतं ते एवढं मला एकटीलाच माहीत होतं.” त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “आता काय, सांगितलं म्हणून कोण रागावणार आहे.”

मी चहा घेतला, तोही गरम. मग पायऱ्या उतरताना सगळं एका ओळीत लागलं. कपटी हा अर्थ बाईंना दाखवणाऱ्या माणसाला त्याच दिवशी दुसरा अर्थही कळला होता. तो त्याने स्वतःपाशी ठेवला, आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता स्क्रूड्रायव्हर मागितला. आपण दालनात शिरलो की डाव्या हाताला घोडा आहे.

या वयात धावत नाही माणूस. मी भरभर चाललो.

५

मामांनी घोड्याची फळी उघडली. स्क्रूच्या खाचा ताज्या खरवडलेल्या होत्या, चकाकत होत्या. आत हात घातला तर चॉकलेटचे कागद लागले, बरेच, आणि एक सुकलेला ब्रश. बाकी काही नाही.

“रिकामा,” मामा म्हणाले.

मी खाली फरशीवरच बसलो. उशीर झाला होता. मी सोमवारी अकरा वाजता हा घोडा वाकडा बघितला होता, आणि सरळ करायला आपण नोकरीला नाही म्हणून पुढे गेलो होतो. एव्हाना फाइल जळाली असणार. बुधवारी पाच वाजता तक्रार होणार आणि मी सांगणार काय, तर एका माणसाने स्क्रूड्रायव्हर उसना घेतला.

रात्रभर झोप लागली नाही असं म्हणणार नाही, झोप मला लागते. पण बुधवारी सकाळी उठलो तेच त्या मुद्रिताचा विचार घेऊन. मास्तर आजारपणातून परतले त्या सोमवारी ते पाटीचं मुद्रित मीच त्यांच्यापुढे ठेवलं होतं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “वेलांटी, यात काही चूक दिसली नाही का तुला?” मी म्हटलं, एक अनुस्वार होता, लावलाय. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. 

माझं टेबल पट्टीच्या टेबलासमोर आहे. तीन महिने तो बगळा माझ्या डोळ्यांदेखत उभा राहिला होता. आधी त्याचे पाय, मग मान, मग चोचीतला मासा. मुद्रितातलं नाव खोटं आहे हे मला वाचता क्षणी कळलं होतं. पण नावाचं शुद्धलेखन बरोबर होतं, आणि कुणाच्या घरच्या भांडणात पडायचं मला बळ नव्हतं. मी थकलो होतो. हे कारण मी स्वतःला किती वेळा दिलंय आयुष्यात, मोजलं नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जाईना. फाइल हाती लागलेला माणूस मंगळवारी, बुधवारीही कपाळावरून रुमाल का फिरवत होता?

६

बुधवारी चार वाजता पट्टी निघाली. पाच वाजेपर्यंत थांबून तमाशा कशाला बघू, म्हणाली. एका पिशवीत तिचे ब्रश होते, आणि चित्रं काढायचा स्वतःचा फळा तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मी दालनात उभा होतो, लाकडी ढालीपाशी. ती माझ्यासमोर येऊन थांबली.

“येते, काका.”

तिच्या डाव्या हातात काचेची बांगडी होती, एकच. फळ्याच्या कडेवर ती मला दिसत होती. आणि ती माझ्या उजव्या बाजूला दिसत होती.

मी खुळ्यासारखा त्या बांगडीकडे बघत राहिलो. मग विचारलं, “पट्टी, तुमच्या विद्येत ढालीची डावी बाजू कोणती?”

“धरणाऱ्याची डावी,” ती म्हणाली. “बघणाऱ्याची उजवी. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मास्तरांनी ट्रे धरून दाखवला नव्हता तुम्हाला?”

“दाखवला होता,” मी म्हटलं. “फळा खाली ठेव. आणि पाच मिनिटं काही बोलू नकोस.”

मी बाईंना दालनात बोलावलं. येताना ढालीच्या इंग्रजी वर्णनाची प्रत आणि मास्तरांची वही आणा म्हटलं. मामांना बोलावलं, धाकट्यांनाही. बाई घड्याळाकडे बघत आल्या. मी हातात पाटीचं मुद्रित धरलं आणि रोजच्या कंटाळलेल्या आवाजात, तो मला मुद्दाम काढावा लागला नाही, धाकट्यांना म्हणालो की पाटीचा मराठी मजकूर पक्का करायचाय, एक शंका आहे. इंग्रजी वर्णन तुमचं, म्हणून तुम्हालाच विचारतो. त्यात डेक्स्टर बाजू आणि सिनिस्टर बाजू असे शब्द आहेत म्हणतात. तर सिनिस्टर बाजूला काय आहे म्हणून लिहू?

धाकट्यांनी भिंतीवर टांगलेल्या बंदराच्या ढालीकडे पाहिलं. डावीकडे दीपस्तंभ, उजवीकडे बगळा.

“दीपस्तंभ,” ते म्हणाले. “सिनिस्टर म्हणजे डावी.”

मामा फसकन हसले. पट्टीने मान खाली घातली. मी बाईंना म्हटलं, तुमच्या हातातलं वर्णन वाचा. बाईंनी चष्मा लावून सावकाश वाचलं. डेक्स्टर, दीपस्तंभ. सिनिस्टर, बगळा.

“ढालीला डावं-उजवं असतं ते धरणाऱ्याचं,” मी म्हणालो. “समोरून बघणाऱ्याला ते उलटं दिसतं. ज्याने हे वर्णन लिहिलं त्याला हे माहीत होतं. साहेब, तुम्हाला माहीत नाही. म्हणजे वर्णन तुमचं नाही.”

“घाईत चूक होते माणसाची,” धाकटे म्हणाले.

“होते. पण दुसरी गोष्ट घाईत झाली नाही. बाई, शनिवारी तुम्हाला यांनी सिनिस्टरचा एकच अर्थ दाखवला, कपटी. परवा मलाही तेच सांगितलं. आत्ता मात्र चटकन म्हणाले, डावी. ते त्यांना शनिवारी संध्याकाळी मास्तरांच्या घरी कळलं. सोमवारी नऊ वाजता मामांचा स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांनी हा घोडा उघडला, कारण आपण आत शिरलो की डावीकडे घोडा असतो. फाइल ज्याची असते तो ती सापडल्यावर बोंब मारत आणतो. हे शोधत होते, तेही कुणाला न सांगता. आणि त्यांना ती मिळाली नाही, म्हणून अजून घाम पुसतायत.”

 मी बाईंच्या हातातली मास्तरांची वही घेतली आणि शेवटचं पान त्यांच्यासमोर धरलं.

“मास्तर कुणावर आरोप करत नव्हते. फाइल यांच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी ती लपवली, आणि कुठली, कुणाची, कुठे ठेवली, एवढंच लिहून ठेवलं. बंदराची ढाल. पट्टीची. सिनिस्टरला.” मी हरणाकडे बोट केलं. “मामा, उघडा.”

मामांना वेळ लागला, कारण या फळीचे स्क्रू जुने, गंजके होते. मास्तरांनी ते फिरवून वर पुन्हा तेल-माती चोपडली होती. फळी निघाली. आत, चॉकलेटच्या डब्यामागे, निळी फाइल उभी होती.

बाईंनी ती उघडली. अकरा चित्रं. पहिल्यावर बगळ्याचे नुसते पाय. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख, तिची सही आणि शेजारी मास्तरांची बारीक खूण. बाई एकेक कागद उलटत गेल्या, शेवटचा संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून उलटायला लागल्या. मग भाच्याकडे न बघता म्हणाल्या, “तू घरी जा.”

ते गेले. जाताना दार त्यांनी हळू लावलं.

७

बाईंनी पट्टीची माफी मागितली. त्यांना ते सोपं गेलं नाही, पण मागितली, सगळ्यांसमोर. तक्रारीचा कागद फाडला. मुख्य चित्रकाराची जागा तिची, म्हणाल्या, आणि नगरपालिकेला आजच पत्र जाईल. पट्टीने मान हलवली. आनंद झालेला दिसला नाही. खूप वेळ ओझं धरून उभ्या असलेल्या माणसाला ते खाली ठेवल्यावरही हात जड वाटतात, तशी दिसत होती. ती फळा उचलून आपल्या टेबलापाशी गेली आणि पिशवीतले ब्रश परत बरणीत ठेवायला लागली.

मी समोर जाऊन बसलो. बराच वेळ ती ब्रश लावत राहिली. मग म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं ना, काका? मुद्रित वाचलंत तेव्हाच.”

“हो,” मी म्हटलं. “माहीत होतं. सही केली. मला माफ कर.”

ती रागावेल असं वाटलं होतं. बरं वाटलं असतं रागावली असती तर. तिने फक्त पाटीचं ते मुद्रित माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवलं.

मी लाल पेन उघडलं. ‘रचनाकार’ या शब्दापुढच्या नावावर आडवी रेघ मारली आणि बाजूला काट्याची खूण केली. मास्तरांनी विचारलेली चूक दुरुस्त करायला मला सव्वा आठवडा लागला होता, आणि तोवर मास्तर राहिले नव्हते. मग समासात मी तिचं नाव लिहायला घेतलं. पट्टी नव्हे, खरं नाव, आडनावासकट. पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. दोन वर्षं मी या पोरीसमोर बसत होतो. दुनियेच्या वेलांट्या तपासत होतो, आणि हिच्या नावातली कोणती ते मला माहीत नव्हतं.

“नाव नीट सांग,” मी म्हटलं. “शेवटी वेलांटी पहिली की दुसरी?”

तिने माझ्याकडे बघितलं. त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“दुसरी, काका.”

मी दुसरी दिली.